शिष्यवृत्तीचें ऋण : चीनच्या शेतकऱ्याचा पैसा व परदेशांतून परतलेले पदवीधर

परदेशीं विद्या संपादन करून व पदवीचा झगा अंगावर चढवून जेव्हां एखादा तरुण स्वदेशाकडे परत येण्यास निघतो, तेव्हां त्याच्या मातापितरांस आनंद होतो, त्याच्या गुरुजनांस अभिमान वाटतो आणि वर्तमानपत्रें त्याचें छायाचित्र छापतात. हा सर्व सोहळा उचितच आहे. परंतु त्या सोहळ्यांत ज्याला पहिल्या रांगेंत बसविलें पाहिजे, असा एक मनुष्य बहुधा तेथें नसतो. ज्याच्या शेतसाऱ्यांतून त्या शिष्यवृत्तीचा पैसा निघाला, तो शेतकरी हा तो मनुष्य होय. त्याला कोणी निमंत्रण पाठवीत नाहीं. आणि आपल्या पैशानें कोण कोठें शिकून आला, हें त्यालाहि ठाऊक नसतें.

प्रस्तुत लेखकाचें आयुष्य महसूल खात्यांत जमेच्या वह्या लिहिण्यांत गेलें असल्यामुळें, कोणताहि पैसा दिसला कीं तो कोठून आला हें पाहण्याची त्याला खोड जडली आहे. त्या खोडीनेंच चीन देशांतील एका प्रसिद्ध शिष्यवृत्तीचा इतिहास वाचला असतां जें आढळलें, तें वाचकांपुढें मांडावें असें वाटल्यावरून हा लेख लिहिला आहे. देश दूरचा असला तरी त्यांतील बोध आपल्याहि उपयोगाचा आहे.

पैसा कोणाचा ?

इ. स. १९०० मध्यें चीनमध्यें परकीयांविरुद्ध ‘बॉक्सर’ नांवानें ओळखल्या जाणाऱ्या लोकांचें बंड झालें. आठ राष्ट्रांच्या फौजांनीं पेकिंग, म्हणजे आजचें बीजिंग, काबीज केलें. आणि ७ सप्टेंबर १९०१ रोजीं झालेल्या तहान्वयें चीनवर ४५ कोटी टेल चांदीचा दंड बसविण्यांत आला. एक टेल म्हणजे तीन तोळ्यांहून कांहींशी अधिक चांदी. त्या वेळीं चीनची लोकसंख्या अदमासें ४५ कोटी धरीत. तेव्हां पाळण्यांतील तान्ह्या मुलासकट दर माणशीं एक टेल, असा हा हिशेब पडला. शेंकडा ४ व्याजानें ३९ वर्षांत, म्हणजे १९४० पर्यंत, तो फेडावयाचा होता; आणि व्याजासह ती रक्कम ९८ कोटी टेलांवर जात होती.

या कर्जाला तारण म्हणून बंदरांवरील जकात व मिठावरील कर लिहून दिले होते. तेवढ्यानें भागेना, म्हणून बादशाही सरकारनें प्रत्येक प्रांतावर वार्षिक वांटणी बसविली. प्रांताधिकाऱ्यांनीं तो बोजा नेहमींच्या रीतीनें खालीं उतरविला. कोठें जमिनीच्या साऱ्यावर जादा आकार चढला, कोठें मिठावर, तर कोठें रोजच्या जिनसांवर. ज्यांस जमाबंदीची माहिती आहे त्यांस हें सांगावयास नको कीं, वरून दंड कोणत्याहि नांवानें निघो, फिरत फिरत शेवटीं तो नांगराच्या मुठीवरच येऊन बसतो.

या दंडापैकीं अमेरिकेच्या वांट्यास सुमारे २ कोटी ४४ लाख डॉलर आले. प्रत्यक्ष झालेल्या नुकसानीच्या मानानें ही रक्कम फार फुगविलेली होती. वॉशिंग्टन येथील चीनचे वकील ल्यांग चेंग यांच्या हें ध्यानीं आलें, आणि जास्त घेतलेलें परत करावें म्हणून त्यांनीं नेटानें पाठपुरावा केला. अखेरीस मे १९०८ मध्यें अमेरिकेच्या काँग्रेसनें ठराव केला, व सुमारे १ कोटी ८ लाख डॉलरांचें मुद्दल सोडून देण्याचें ठरलें. तो पैसा चिनी विद्यार्थ्यांस अमेरिकेंत पाठविण्याकडे लावावा, अशी योजना झाली. यांत केवळ औदार्य होतें असें नव्हे. इलिनॉय विद्यापीठाचे अध्यक्ष एडमंड जेम्स यांनीं १९०६ सालींच राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांस लिहिलें होतें कीं, जें राष्ट्र चीनच्या तरुण पिढीस शिकवील, त्याला पुढें विचारांच्या व व्यापाराच्या क्षेत्रांत त्याचें मोठें फळ मिळेल.

दुसऱ्याच्या थैलींतून जास्त काढलेले पैसे परत करतांना त्यास दान म्हणणें हें कोणत्याहि हिशेबनिसास रुचणार नाहीं. तरी पण एवढें कबूल केलें पाहिजे कीं, बाकीच्या बहुतेक राष्ट्रांनीं त्या वेळीं तेवढेंहि केलें नाहीं. आणि या पैशाचा विनियोग विद्येकडे झाला ही गोष्ट चांगलीच झाली. आपला मुद्दा इतकाच कीं, या शिष्यवृत्तीचा खरा दाता वॉशिंग्टनमध्यें नव्हता. तो भाताच्या खाचरांत गुडघाभर चिखलांत उभा होता.

निवडलेले विद्यार्थी

सप्टेंबर १९०९ मध्यें पेकिंग येथें पहिली परीक्षा झाली. सहाशेंवर उमेदवार बसले, त्यांपैकीं ४७ निवडले गेले. पुढील वर्षीं ७० व १९११ सालीं ६३ विद्यार्थी रवाना झाले. १९११ सालींच विद्यार्थ्यांची पूर्वतयारी करून घेण्याकरितां त्सिंगह्वा ही शाळा राजधानीजवळच्या एका जुन्या बागेंत स्थापन झाली. तीच आज जगद्विख्यात विद्यापीठ होऊन राहिली आहे. १९२९ पर्यंत या मार्गानें हजारावर विद्यार्थी अमेरिकेस गेले.

या योजनेंतील एक नियम लक्षांत ठेवण्यासारखा आहे. शंभरांतील ८० विद्यार्थ्यांनीं शेतकी, यंत्रविद्या, खाणी, रेल्वे, रसायन अशा उपयुक्त विषयांचें अध्ययन करावें, आणि उरलेल्या २० जणांनींच कायदा व राज्यशास्त्र यांकडे वळावें, असें सुरुवातीसच लिहून ठेवलें होतें. कारकुनी व वकिली यांच्या मागें सर्वच तरुण लागले तर देशाचा गाडा कोण ओढणार, ही जाणीव त्या नियमामागें होती. शेतकीचें नांव त्या यादींत असल्यामुळें अनेक तरुणांनीं, ‘आपला देश शेतकऱ्यांचा आहे, तेव्हां आपण शेतकीच शिकावी,’ असा निश्चय केला. त्या निश्चयाचें पुढें काय झालें, हें पाहण्यासारखें आहे.

सफरचंदांची परीक्षा

१९१० च्या तुकडींत हू शी नांवाचा एक १८ वर्षांचा तरुण होता. गुणानुक्रमें ७० जणांत त्याचा क्रमांक ५५ वा होता. वडील तो लहान असतांच वारले होते. विधवा मातेनें त्याला वाढविलें होतें. त्यानें न्यूयॉर्क संस्थानांतील कॉर्नेल विद्यापीठाच्या शेतकी कॉलेजांत नांव घातलें. देशास शेतकीची गरज होती हें एक कारण. आणि त्या कॉलेजांत फी पडत नसल्यामुळें शिष्यवृत्तींतून कांहीं शिल्लक टाकून ती आईस पाठवितां येई, हें दुसरें कारण. घोडा धुणें, त्याला साज चढविणें, गाडीस जुंपणें हीं कामें तो तेथें प्रथमच शिकला व मन लावून शिकला.

पुढें फळांच्या शास्त्राचा अभ्यास आला. वर्गांत नानाप्रकारचीं सफरचंदें मांडून ठेवीत. आणि देठ, आकार, साल, आंतील गर व चव पाहून प्रत्येकाची जात ओळखावयाची असे. अमेरिकन शेतकऱ्यांचीं मुलें तीं फळें लहानपणापासून खात आलेलीं; तीं पाहतां पाहतां नांवें लिहून, उरलेलीं फळें खिशांत टाकून निघून जात. हू शी मात्र तास-दोन तास पुस्तक चाळीत बसे, आणि तरीहि चुकत असे. त्यांतील बहुतेक जाती चीनमध्यें नव्हत्याच. मग त्याच्या मनांत विचार आला कीं, जें फळ माझ्या देशांत पिकत नाहीं, त्याचीं शेंकडों नांवें पाठ करून मी माझ्या देशाचें काय करणार ? १९१२ सालीं त्यानें शेतकी सोडली व तत्त्वज्ञान आणि साहित्य यांकडे तो वळला. १९१४ सालीं कॉर्नेलची पदवी घेऊन तो पुढें कोलंबिया विद्यापीठांत गेला आणि १९१७ सालीं स्वदेशीं परतला.

ही गोष्ट वाचून कोणी म्हणेल कीं, शेतकऱ्याचा पैसा वायां गेला. परंतु हिशेब इतक्या लवकर बंद करूं नये. त्या काळीं चीनमधील बहुतेक ग्रंथ व सरकारी कागद एका प्राचीन भाषेंत लिहिले जात. ती भाषा बाजारांत वा शेतावर कोणी बोलत नसे. ती शिकण्यास आयुष्याचीं कित्येक वर्षें खर्चावीं लागत, आणि म्हणून ती श्रीमंतांच्या मुलांसच येई. लोक बोलतात त्याच भाषेंत लिहावें, असें हू शी यानें १९१७ च्या जानेवारींत एका लेखानें प्रतिपादिलें, आणि त्यांतून मोठी चळवळ उभी राहिली. तीनच वर्षांत, म्हणजे १९२० मध्यें, प्राथमिक शाळांच्या पहिल्या इयत्तांचीं क्रमिक पुस्तकें बोलभाषेंत करण्याचा हुकूम निघाला. साऱ्याची पावती कोणत्या भाषेंत लिहिली आहे यावर शेतकऱ्याचें किती अवलंबून असतें, हें ज्यांनीं कचेरींत अडलेला शेतकरी पाहिला आहे ते जाणतात. हू शी यानें गव्हाची नवी जात काढली नाहीं, हें खरें. पण शेतकऱ्याच्या मुलाला वाचतां येईल अशी भाषा पुस्तकांत आणण्यास त्यानें मोठा हातभार लावला, हेंहि तितकेंच खरें.

ऋतूंचा हिशेब

त्याच १९१० च्या तुकडींत झू केझेन नांवाचा दुसरा तरुण होता. तो झेज्यांग प्रांतांतील एका लहान गांवच्या तांदळाच्या व्यापाऱ्याचा मुलगा. त्यानेंहि शेतकीच घेतली व इलिनॉय विद्यापीठांतून १९१३ मध्यें पदवी मिळविली. परंतु तेथील अफाट शेतें, घोड्यांचे जोडनांगर आणि यंत्रें पाहून त्यालाहि हें कळून चुकलें कीं, चीनच्या हातभर तुकड्यांच्या शेतीस ही विद्या जशीच्या तशी लागू पडणार नाहीं. तेव्हां त्यानें विचार केला कीं, चीनच्या व अमेरिकेच्या शेतकऱ्यांत समान असें काय आहे ? दोघांच्याहि डोक्यावर आभाळ आहे. म्हणून तो हार्वर्ड विद्यापीठांत हवामानशास्त्र शिकण्यास गेला आणि १९१८ सालीं डॉक्टर होऊन त्याच वर्षीं घरीं परतला.

त्या वेळीं चीनच्या किनाऱ्यावर वादळाची सूचना द्यावयाची ती परकीयांनीं. शांघायजवळची वेधशाळा फ्रेंच पाद्र्यांची, हाँगकाँगची इंग्रजांची. देशाच्या अंतर्भागांत तर पाऊस मोजण्याची धड सोय नव्हती. झू यांनीं प्रथम शिक्षकाचें काम पत्करून विद्यार्थी तयार केले. १९२८ मध्यें नानकिंग येथें हवामान संशोधनाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली, तिची धुरा त्यांच्याकडे आली, आणि तेथून देशभर पाऊस, उष्णता व वारा मोजणाऱ्या चौक्या वाढवीत नेण्याचें काम सुरू झालें.

त्यांच्या अभ्यासाचा एक भाग आपल्या वाचकांस विशेष जवळचा वाटेल. तळ्यावरचा बर्फ केव्हां वितळला, जर्दाळूस फूल कोणत्या दिवशीं आलें, पाकोळी केव्हां परतली, कोकिळा प्रथम केव्हां ऐकूं आली, याची नोंद ते वर्षानुवर्षें आपल्या रोजनिशींत करीत. पावशा पक्षी ‘पेरते व्हा’ असें ओरडूं लागला कीं आपला शेतकरी तिफण बाहेर काढतो, आणि मृग, आर्द्रा, हस्त या नक्षत्रांवर आपल्या पेरणीचें सर्व गणित बसवितो. चीनच्या शेतकऱ्याचेंहि वर्षाचे २४ भाग करणारें असेंच पंचांग आहे. अमेरिकेंत शिकून आलेल्या या पंडितानें त्या जुन्या ज्ञानाची टवाळी केली नाहीं. उलट त्याची रोजच्या नोंदींशीं पडताळणी केली. त्यांतून १९६३ सालीं त्यांनीं एका सहकाऱ्यासह सर्वसामान्यांसाठीं ऋतुचिन्हांवर पुस्तक लिहिलें, आणि पुढील वर्षीं चीनचें हवामान व धान्याचें उत्पन्न यांच्या संबंधावर एक निबंध प्रसिद्ध केला. ही रोजनिशी त्यांनीं मृत्यूच्या आदल्या दिवसापर्यंत, म्हणजे ६ फेब्रुवारी १९७४ पर्यंत, लिहिली.

त्यांच्या आयुष्यांतील कसोटीचा प्रसंग वेगळाच होता. १९३६ सालीं ते झेज्यांग विद्यापीठाचे अध्यक्ष झाले, आणि पुढच्याच वर्षीं जपाननें स्वारी केली. सारें विद्यापीठ, पुस्तकें व उपकरणें पेट्यांत भरून, देशाच्या अंतर्भागांत हलवावें लागलें. एक मुक्काम सुटला कीं दुसरा, असें करीत १९४० मध्यें तें ग्वेजो या डोंगराळ व दरिद्री प्रांतांत स्थिरावलें. वाटेंत १९३८ सालीं ताईहे गांवीं मुक्काम असतांना तेथील नदीच्या पुरानें लोक गांजलेले त्यांनीं पाहिले. प्राध्यापक व विद्यार्थी यांनीं मोजणी करून गांवकऱ्यांसह बांध घालविला, आणि युद्धानें परागंदा झालेल्या लोकांसाठीं पडीत जमिनीवर शेतीची वसाहत उभी केली. त्याच गांवीं आमांशाच्या विकारानें झू यांची पत्नी व एक मुलगा हीं दोघेंहि दगावलीं. तरी पुढच्या मुक्कामाची तयारी थांबली नाहीं. शेतकऱ्याच्या पैशाचें ऋण कसें फेडावें याचें याहून निराळें उदाहरण देण्याचें कारण नाहीं.

खेड्यांत गेलेले विद्वान

वरील दोन नांवें उजळ आहेत. पण सर्वच परतलेले तरुण असे निघाले नाहींत. बरेच जण शांघाय, नानकिंग व पेकिंग या शहरांतच राहिले. शेतकीची पदवी घेऊन कचेरींत खुर्ची धरून बसणारे कमी नव्हते. याचें सर्व खापर त्यांच्याच माथ्यावर फोडणें न्यायाचें होणार नाहीं. ज्या देशांत प्रयोगक्षेत्रें नाहींत, कर्जाची सोय नाहीं, आणि एका सेनापतीचें राज्य जाऊन दुसऱ्याचें येत आहे, तेथें एकट्या पदवीधरानें खेड्यांत जाऊन करावें काय ?

या प्रश्नास ज्यानें कृतीनें उत्तर दिलें, तो जेम्स येन. हा बॉक्सर शिष्यवृत्तीचा विद्यार्थी नव्हता. परंतु त्याच पिढीचा, १९१८ सालचा येल विद्यापीठाचा पदवीधर होता. पहिल्या महायुद्धांत फ्रान्समध्यें खंदक खणण्यास व ओझीं वाहण्यास नेलेले सुमारे १,४०,००० चिनी मजूर होते, बहुतेक शेतकरीच. त्यांचीं पत्रें लिहून देण्याचें काम येन यांच्याकडे आलें. रोज शेंकडों पत्रें लिहिण्यापेक्षां यांनाच लिहावयास शिकवावें, असें ठरवून त्यांनीं वर्ग काढले व मजुरांसाठीं सोप्या भाषेंत एक छोटें पत्रहि सुरू केलें. एका मजुरानें त्यांस कळविलें कीं, हें पत्र इतकें स्वस्त आहे कीं तें बंद पडेल अशी मला भीति वाटते; म्हणून माझी शिल्लक ३६५ फ्रँक पाठवीत आहें. येथेंहि पुनः शेतकऱ्याच्याच पैशानें विद्येचें पोषण झालें ! येन यांस तो पैसा आयुष्यभर पुरला, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

स्वदेशीं परतल्यावर त्यांनीं उत्तर चीनमधील दिंगश्येन हा तालुका कामासाठीं निवडला. ४७२ गांवें, सुमारे ४ लक्ष वस्ती. १९२९ सालीं चळवळीचें मुख्य ठाणें तेथें हलविलें, आणि परदेशांतून पदव्या घेऊन आलेले विद्वान बायकामुलांसह मातीच्या घरांत येऊन राहिले. अज्ञान, दारिद्र्य, रोग आणि सार्वजनिक कामांविषयींची उदासीनता, या चारी दुखण्यांवर एकदम औषध योजिलें पाहिजे, हें त्यांचें सूत्र होतें. साक्षरतेच्या वर्गाबरोबरच सुधारलेलें बीं, गांवच्या डुकरिणीवर परदेशी जातीचा नर घालून केलेली पैदास, आणि गांवांतल्याच माणसाला शिकवून त्याच्या हातीं दिलेली औषधांची पेटी, अशीं साधीं कामें तेथें झालीं. १९३७ सालीं जपानी सैन्य आलें व हें काम तेथें संपलें. पण त्यांतील अनेक कल्पना पुढें अन्य देशांत रुजल्या. येन यांनीं स्वतः १९५२ मध्यें फिलिपाईन्समध्यें ग्रामपुनर्रचनेची अशीच चळवळ सुरू केली.

परतणाऱ्यास जागा

विद्यार्थी परत येतो कीं नाहीं, याचीच चर्चा आपण नेहमीं करतों. परंतु परत आलेल्याला देश जागा देतो कीं नाहीं, हा त्याहून अवघड प्रश्न आहे. बॉक्सर शिष्यवृत्तीच्या आधीं, १८७२ ते १८७५ या वर्षांत, चीननें १२० मुलें अमेरिकेस पाठविलीं होतीं. तीं परकीय चालीरीतींस लागलीं या संशयावरून १८८१ सालीं, बहुतेकांचा अभ्यास अर्धवट असतांनाच, त्यांस परत बोलावण्यांत आलें, आणि शांघायच्या धक्क्यावर उतरतांच त्यांस पहाऱ्यांत एका पडक्या वास्तूंत ठेवलें. त्यांतलाच एक झान त्यानयू. त्यानें पुढें १९०५ ते १९०९ या काळांत डोंगर फोडून पेकिंगपासून झांगज्याकोपर्यंत रेल्वे बांधली, आणि तीहि परकीय इंजिनियरांवांचून. दंडाचा पैसा परत मिळविणारे वकील ल्यांग चेंग हेहि त्या १२० मुलांपैकींच होते. ज्यांना देशानें संशयानें कोंडलें, त्यांनींच देशाला रेल्वे दिली व शिष्यवृत्तीहि दिली.

असाच प्रसंग पुनः आला. १९४५ सालीं अमेरिकेंतील इंटरनॅशनल हार्व्हेस्टर कंपनीच्या शिष्यवृत्तीवर २० चिनी तरुण आयोवा व मिनेसोटा येथें शेतीच्या यंत्रांची विद्या शिकण्यास गेले. ते पदवीधर होऊन परतण्याच्या सुमारास देशांत यादवी चाललेली. १९४९ सालीं राज्यच पालटलें. तरीहि त्यांतील बहुतेक परत आले, आणि चीनमध्यें शेतीच्या यंत्रविद्येचीं कॉलेजें व संशोधनाच्या संस्था उभारण्यांत त्यांचा मोठा वांटा आहे. पुढें १९६६ नंतरच्या धामधुमींत परदेशीं शिकलेल्या अनेकांस, केवळ त्या कारणावरून, छळ व अपमान सोसावे लागले. परतणाऱ्यानें आपलें वचन पाळलें; ऐकणाऱ्यानें मात्र कान बंद केले. अशा वेळीं नुकसान विद्वानापेक्षां शेतकऱ्याचेंच अधिक होतें. कारण पैसा त्याचा, आणि विद्येवांचून वंचित राहणाराहि तोच.

आपल्या घरची गोष्ट

हें सर्व परक्या देशाचें पुराण म्हणून सोडून देण्यासारखें नाहीं. हू शी कोलंबिया विद्यापीठांत ज्या प्राध्यापक जॉन ड्यूई यांच्यापाशीं शिकले, त्यांच्याचपाशीं त्याच वर्षांत आपल्या महाराष्ट्राचा एक शिष्यवृत्तिधारक शिकत होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे ते होत. श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांनीं १९१३ सालीं त्यांस शिष्यवृत्ति दिली, आणि परत आल्यावर १० वर्षें बडोदें संस्थानची नोकरी करीन, असा करार ४ जून १९१३ रोजीं त्यांच्याकडून लिहून घेतला. बडोद्याचा खजिना मुख्यतः शेतसाऱ्यावर भरत असे, हें महसुलाचें काम ज्यास ठाऊक आहे त्यास सांगणें नलगे.

१९१७ सालीं ते करार पाळण्यास बडोद्यास गेले. काय घडलें, तें सर्वांस विदित आहे. जगांतील उत्तम विद्यापीठाचा हा पदवीधर, पण त्याला राहण्यास कोणी बिऱ्हाड देईना. कचेरींतील शिपाई कागद लांबून फेंकीत. कांहीं आठवड्यांतच त्यांस तें गांव सोडावें लागलें. परत येणारा आला होता; जागा देणारे नव्हते. आणि तरीहि पुढच्याच वर्षीं, १९१८ मध्यें, त्यांनीं हिंदुस्थानांतील लहान धारणक्षेत्रें व त्यांवरील उपाय हा निबंध लिहिला. शेताचे तुकडे एकत्र केल्यानेंच दुखणें बरें होणार नाहीं. जमिनीवर माणसांचा भार फार व भांडवल थोडें, हें खरें दुखणें आहे, म्हणून उद्योगधंदे वाढवून तो भार हलका केला पाहिजे, असें त्यांचें म्हणणें होतें. १९३७ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत कोंकणांतील खोती नष्ट करण्याचें बिल त्यांनीं मांडलें. बडोद्याच्या शेतकऱ्याच्या पैशाची फेड अशा रीतीनें कोंकणच्या कुळांपर्यंत पोंचली.

आज काळ बदलला आहे. राजर्षि शाहू महाराजांच्या नांवानें महाराष्ट्र शासनाची परदेश शिष्यवृत्ति आहे. आपल्याकडील कुणब्याचीं व शेतमजुरांचीं मुलें परदेशीं विद्यापीठांत जात आहेत. त्याचप्रमाणें आफ्रिका व आशिया खंडांतील अनेक देशांचे विद्यार्थी भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर आपल्या विद्यापीठांत शिकून, पदवी घेऊन, आपापल्या देशाच्या पुनर्रचनेस परत जात असतात. त्यांच्या पदवीदानाच्या दिवशीं आपण मनापासून टाळ्या वाजवाव्या. तेहि कोणत्या तरी दूरच्या शेतकऱ्याचे पुत्र आहेत, आणि त्यांच्या येथील शिक्षणांत आपल्याहि करांतील पै-पैसा मिसळला आहे.

शेतकरी बांधवांस येथें एक सुचवावेंसें वाटतें. गांवचा मुलगा परदेशांतून पदवी घेऊन आला कीं आपण त्याचा सत्कार करतों, हार-नारळ देतों, भाषणें होतात, आणि दुसऱ्या दिवशीं तो मोटारींत बसून शहराकडे जातो. सत्कार अवश्य करावा. परंतु त्याच दिवशीं त्याला शिवारांतूनहि हिंडवावें. कोणत्या विहिरीचें पाणी खालीं गेलें, कोणत्या पिकावर कोणती कीड पडते, सोसायटीचें कर्ज कोठें अडतें, हें त्यास दाखवावें. आणि, ‘तूं जें शिकलास त्यांतील येथें काय लागू पडेल?’ असें मोकळेपणानें विचारावें. ‘हें लागू पडत नाहीं,’ असें तो प्रामाणिकपणें म्हणाला, तरी रागावूं नये. हू शी व झू केझेन यांनींहि प्रथम तेंच म्हटलें, आणि तेथूनच त्यांच्या खऱ्या कार्यास आरंभ झाला. जें लागू पडेल तें करून पाहण्यास मात्र त्याला एक-दोन एकर जमीन, चार माणसें आणि दोन हंगामांची मुदत द्यावी. पहिल्या हंगामांत पीक बुडालें म्हणून हंसूं नये.

आणि परत येणाऱ्या तरुणांस सांगणें एवढेंच कीं, पदवीचा कागद ही कर्जाची पावती आहे; तें फिटल्याचा दाखला नव्हे. तो दाखला विद्यापीठांत मिळत नाहीं. तो द्यावयाचा अधिकार ज्याच्याकडे आहे, तो आपल्या बांधावर उभा राहून आपली वाट पाहत आहे.